चाकाचं गाऱ्हाणं

अकलूजला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्रीचा आवाज बदलतो. दिवाळीनंतर चार-पाच महिने उसानं भरलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलांच्या डनलॉप गाड्या रात्रभर रस्त्यानं चालू असतात. माझं घर रस्त्याच्या कडेला. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळतं, कुठला ट्रॅक्टर भरून चाललाय आणि कुठला रिकामा परततोय. भरलेला दबकत येतो, रिकामा खडखडत. चौकाजवळ आले की दोघंही ब्रेक मारतात. कुणाचा ब्रेक चिरकतो, कुणाचा नुसता फुसफुसतो आणि एखाद्याचा असा खरडतो की माझी झोप उडते. बायको म्हणते, "सो जाव अब, अपनी गाडी नै वो." गाडी आपली नाही हे खरं, पण त्या गाडीपुढं रस्त्यावर जो कुणी असेल तो आपलाच असतो.

आज मला या ओरडणाऱ्या ब्रेकबद्दल बोलायचं आहे. कवीचा आणि ब्रेकचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. छंद, वृत्त, मात्रा हे सगळं कॉलेजात शिकलो. पण ऐकायला शिकलो ते मामूंच्या गॅरेजमध्ये.

माझ्या मामूंना सगळा गाव 'वस्ताद' म्हणायचा. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं शेड, पुढं एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली जॅकवर चढवलेली कुणाची तरी जीप. १९८२-८३ च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं 'पोऱ्या' होतो. पाने पुसायचे, चहा आणायचा, खोललेले नट डब्यात मोजून ठेवायचे. एखादा बागायतदार गाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "वस्ताद, ब्रेक लई चिरकतोय बघा." मी लगेच जॅक घेऊन धावायचो. मामू मला थांबवायचे. "पैले सुन, बाद में खोल," म्हणायचे. आधी ऐक, मग उघड.

मग ते गाडीवाल्याला चार प्रश्न विचारायचे. आवाज सकाळी पहिल्यांदा येतो की गाडी तापल्यावर? ब्रेक दाबल्यावरच येतो की सोडल्यावरही येत राहतो? गाडी वळवली की बदलतो का? आणि थरथर कुठं कळते, हाताला, पायाला की बुडाला? या शेवटच्या प्रश्नाला लोक हसायचे. पण मामू हसत नसत. स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक दुखणं पुढच्या चाकांत असतं, सीटखाली थरथरलं तर मागच्या. पेशंटला कुठं दुखतं हे विचारल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाही, तसंच हे.

चार प्रश्न झाले की ते गाडीवाल्याच्या शेजारी बसून एक फेरी मारायचे, डोळे मिटून. परत येईपर्यंत निदान झालेलं असायचं. बारीक, उंच 'चीं' असा आवाज असेल तर लायनर घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झालाय, नाहीतर ड्रममध्ये धूळ बसली आहे. रात्री पाऊस पडून गेला आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली, तर ती लोखंडावर चढलेली गंजाची साय. घाबरायचं कारण नाही, ती आपोआप निघते. दाबला की 'टक' असा एकच ठोका येत असेल, तर आत काहीतरी सैल आहे. पायाखाली पॅडल लयीत धडधडत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही. गाडी एका अंगाला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक चिकटलाय किंवा लायनरला तेल लागलंय. ब्रेक दाबा नाहीतर सोडा, घूं घूं चालूच आहे आणि वळणावर ती कमी-जास्त होते, तर तो ब्रेकच नव्हे, बेअरिंग आहे. आणि खर्रर असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर मामू गाडीवाल्याला चावी परत देत नसत. म्हणायचे, "अण्णा, गाडी राहू द्या. आज एस्टीनं जावा."

हा आवाज मुळात येतो कसा, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की किंचाळतो, तसाच ब्रेक किंचाळतो. घासणाऱ्या दोन वस्तू एकसारख्या सरकत नाहीत. क्षणभर एकमेकींना धरतात, क्षणात सोडतात, पुन्हा धरतात. असं सेकंदाला हजारो वेळा घडलं की लोखंड थरथरायला लागतं आणि ती थरथर आपल्या कानाला 'चीं' म्हणून ऐकू येते. सारंगीवर गज फिरतो तेव्हाही हेच घडतं. गजाला राळ लावतात ती तारेला नीट धरावं म्हणून. सारंगिया तेच धरणं-सोडणं सुरात आणतो, ब्रेकला ते जमत नाही, एवढाच फरक.

आता थोडं मागं जाऊ या. आपल्या बैलगाडीचा ब्रेक म्हणजे मुळात बैलच. उतार आला की बैल मागं रेटून गाडी तोलायचे. घाटात तेवढ्यानं भागत नसे. मग चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडाचा ठोकळा दाबायचा, नाहीतर गाडीच्या मागं ओंडका बांधून फरफटत न्यायचा. लाकूड धावेवर घासलं की करकर आवाज व्हायचा आणि गाडीवानाला त्या करकरीवरून कळायचं की ठोकळा धरतोय की निसटतोय. आवाज हा त्याचा सोबती होता. गाडी जोवर बैलाच्या चालीनं चालत होती तोवर एवढं पुरेसं होतं.

गती वाढली तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली आणि आपल्याकडं ती बोरघाटात झाली. सोलापूरकडून मुंबईला जायचं तर हा घाट उतरल्याशिवाय सुटका नाही. १८६३ साली इथून रेल्वे सुरू झाली. चढ असा की दर ३७ फुटांना एक फूट. डोंगर इतका उभा की एका जागी गाडीला सरळ पुढं जाताच येत नव्हतं. तिथं रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. गाडी आत यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट्या दिशेनं निघायची. ब्रेक हातानं आवळायचे. १८६९ च्या जानेवारीत उतारावरची एक गाडी ताब्यात राहिली नाही आणि याच स्टेशनावर मोठा अपघात झाला. तुटलेल्या डब्यांची त्या वेळची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात.

योगायोग असा की त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या रेल्वे-ब्रेकचं पेटंट घेतलं. पुढं १८७२ मध्ये त्यांनी त्यात एक उलटी युक्ती केली. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहायचा. नळी फुटली, डबा तुटला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागायचा. म्हणजे बिघाड झाला तर गाडी सुटणार नाही, थांबेल. बोरघाटात आजही मुंबईकडं उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ब्रेकच्या तपासणीसाठी थांबतात. प्रवासी कंटाळून घड्याळ बघतात. मी खिडकीतून दरी बघतो आणि थांबवणाऱ्याला मनातल्या मनात दुवा देतो.

बोरघाटातलं ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली बंद झालं, कारण नवे बोगदे खोदून मार्गच बदलला. त्या बोगद्यांच्या कामात एक सोलापूरकर होते, वालचंद हिराचंद. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले. आमच्या भागाला हे नाव नवं नाही. अकलूजहून नीरा ओलांडली की पलीकडं इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचं वालचंदनगर आहे. लोक त्यांना साखर, जहाजं आणि विमानं यांसाठी ओळखतात. पण मामूंच्या गॅरेजशी त्यांचं नातं वेगळंच होतं, ते पुढं सांगतो.

घाटात आगगाडी असं धडे देत होती, तेव्हा तिकडं जर्मनीत मोटार नुकती जन्मत होती. १८८८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कार्ल बेन्झ यांनी तीनचाकी मोटार बनवली होती, पण ती कुणी विकत घेईना. त्यांची पत्नी बर्था यांनी एका पहाटे नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका गावात त्यांनी चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातला पहिला ब्रेक-लायनर तो. तो कुण्या कारखान्यात झाला नाही. एका आईच्या डोक्यातून निघाला आणि एका चांभाराच्या हातून घडला.

याच कथेचा दुसरा अंक इंग्लंडमध्ये घडला. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ होते. तिथले गाडीवान उताराला घोडागाडीच्या लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात, हे त्यांनी पाहिलं. बूट लवकर झिजायचा. फ्रूड यांनी विचार केला की यापेक्षा टिकाऊ काही करता येईल. १८९७ पासून ते या कामाला लागले. आधी सुताचे विणलेले पट्टे करून त्यांना राळ वगैरे मुरवली. स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात एक 'ई' घातला, तो पत्नी एलिझाबेथच्या नावातला, आणि 'फेरोडो' हे नाव तयार झालं. ज्यांनी गॅरेजात दिवस काढलेत त्यांनी हे नाव ऐकलेलं असेल.

१९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क-ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. आजच्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत हेच असतं. मग ही कल्पना तेव्हाच का रुजली नाही? एक मोठं कारण होतं आवाज. लँचेस्टर यांनी चिमट्याला तांब्याचं अस्तर लावलं होतं. धातूवर धातू घासला की अशी किंचाळी उठायची की रस्त्यावरचे लोक कान झाकायचे. त्याच सुमारास लुई रेनॉ यांनी ड्रम-ब्रेक पुढं आणला. त्यात सगळं घासणं डब्याच्या आत व्हायचं. गुपचूप काम करणारा ड्रम पुढं गेला आणि आरडाओरडा करणारी तबकडी पन्नास वर्षं मागं पडली.

किंचाळी थांबवायला उपाय सापडला तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. १९०८ च्या सुमारास फ्रूड यांनीच तो लायनरमध्ये आणला. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा तंतू. कापसासारखा विणता येतो, पण जळत नाही. तापलेल्या ब्रेकला याहून चांगलं अस्तर कुठलं? ब्रेक शांत झाला, टिकाऊ झाला, स्वस्त झाला. सगळ्या जगानं तो स्वीकारला.

पण या शांततेची किंमत कुणीतरी मोजत होतं. इंग्लंडमध्येच रॉचडेल गावी नेली करशॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत काढायची. १९२४ साली, ३३ व्या वर्षी ती गेली. तिच्या फुप्फुसांत तंतूंचे कण सापडले आणि त्याच वर्षी ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि वीस-वीस, तीस-तीस वर्षं गप्प बसून मग आपलं काम करतात. १९२४ साली छापलेली ही गोष्ट आमच्या लिंबाच्या झाडाखाली पुढची कितीतरी वर्षं पोचली नाही.

दरम्यान ब्रेक बदलत होता. आधी पॅडलपासून चाकापर्यंत सळ्या आणि तारा असायच्या. एक तार जरा जास्त ताणली की गाडी तिरकी व्हायची. मग तारांऐवजी नळीत तेल आलं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर तेलाचे ब्रेक आले. तेलाचा दाब सगळीकडं सारखा जातो, त्यामुळं चारही चाकं एकदम धरली जातात. या तेलाची एक खोड आहे, ते हवेतलं पाणी पितं. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. नाहीतर घाटात ते तापून उकळतं, नळीत वाफ होते आणि पाय नुसता खाली जातो.

आता वालचंदांकडं परत येतो. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं फियाट बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. मामूंच्या हाताखाली निम्म्या गाड्या याच. आमच्या लहानपणीची फियाट काय किंवा अँबेसिडर काय, चारही चाकांना ड्रम. सोलापूरच्या माणसानं बोरघाटात बोगदे पाडून आगगाडीचा अवघड उतार सोपा केला आणि त्याच माणसाच्या कंपनीची गाडी आमच्या शेडमध्ये ब्रेकला यायची, हे मामूंना माहीत नव्हतं. मला कळलं तेव्हा सांगायला ते नव्हते. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा मला उगीचच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

ड्रम खोलायचं काम मोठ्या कौतुकाचं असायचं. चाक काढलं, ड्रमवर हातोडीनं दोन-चार ठोके मारले की तो निघायचा आणि आत राखाडी, मैद्यासारखी बारीक धूळ साचलेली असायची. ती काढायची कशी? फुंकून. मामू तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर मारायचे, डोळे मिटायचे आणि धुळीचा ढग उडायचा. मग मला म्हणायचे, "अब तू मार." मीही मारायचो. ढग जितका मोठा तितकी मजा. जुना लायनर काढून नवा रिबीट मारून बसवायचा, कानसेनं कडा घासायच्या. त्याचीही धूळ. संध्याकाळी मामूंच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि मामी म्हणायची, "पिठाच्या गिरणीतून आला काय?"

आवाजाकडं दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते मी स्वतः भोगलं आहे. साधारण २००० सालची गोष्ट. मी एक जुनी गाडी घेतली होती. पुण्याला कविसंमेलन होतं. गाडीचा ब्रेक पंधरा दिवस बारीक ओरडत होता. मामूंकडं जायला हवं हे कळत होतं, पण रोज उद्यावर ढकलत होतो. निघालो त्या दिवशी ओरडणं थांबून खरड सुरू झाली होती. शेजारी एक कविमित्र बसले होते. ते म्हणाले, "अहो, कसला आवाज येतोय?" मी काय केलं असेल? गझलेची कॅसेट लावली आणि आवाज वाढवला.

सासवड मागं टाकलं आणि दिवे घाट उतरू लागलो. तिसऱ्या वळणाच्या आसपास जळका वास आला. पाय दाबला तर पॅडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, आणखी खाली गेलं. समोर भरलेला ट्रक. त्या क्षणी मला एकही ओळ आठवली नाही, ना माझी ना दुसऱ्याची. आठवलं ते मामूंचं एक वाक्य: ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. गाडी दुसऱ्यात टाकली, मग कशीबशी पहिल्यात. इंजिन हंबरलं, गाडी जरा दबली. हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराकडची बाजू धरली आणि गटाराच्या कडेला गाडी थांबली. मित्र खाली उतरून दगडावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. त्या दिवशी आम्ही दोघांनीही कविता वाचली नाही.

गाडी दुरुस्त करून आणली तेव्हा मामूंनी काढलेले लायनर माझ्या हातात दिले. अस्तर संपलं होतं आणि रिबिटांनी ड्रमवर चरे पाडले होते. मामू रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ये पंद्रा दिन से चिल्ला रहा था. बहरा तू था." हे पंधरा दिवस ओरडत होतं, बहिरा तू होतास.

मला वाटतं, ब्रेकच्या सगळ्या इतिहासाचं सार त्या वाक्यात आहे. माणसानं शंभर वर्षं ब्रेकचा आवाज बंद करायची खटपट केली. चामडं लावलं, सूत लावलं, अ‍ॅस्बेस्टॉस लावला. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार गाडी डिस्क-ब्रेकवर जिंकली आणि लँचेस्टरची मागं पडलेली तबकडी परत आली. उघड्या हवेत ती लवकर थंड होते, घाटात ड्रमपेक्षा जास्त दम धरते. पण गंमत पाहा. आता बऱ्याच डिस्क-ब्रेकच्या पॅडला कंपनी स्वतःच एक पातळ पोलादी जीभ बसवते. पॅड झिजत आलं की ती जीभ तबकडीला टेकते आणि किंचाळते. मुद्दाम! एवढी वर्षं जो आवाज घालवायला बुद्धी खर्च केली, तोच आवाज शहाण्यांनी पुन्हा गाडीत बसवला. कारण मुका ब्रेक हा ओरडणाऱ्या ब्रेकपेक्षा जास्त धोक्याचा, हे त्यांना कळून चुकलं.

सगळेच आवाज मात्र दुखण्याचे नसतात. १९७८ मध्ये जर्मनीत मोटारींना एबीएस आलं आणि आपल्याकडं २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. एकदम जोरात ब्रेक मारला की पायाखाली टकटक होते, पॅडल उलटं ढकलतं. लोक घाबरून पाय उचलतात. तो उचलायचा नसतो. चाक लॉक होऊ नये म्हणून यंत्र ब्रेक धरतं-सोडतं, त्याची ती थरथर. आणि आताच्या बॅटरीच्या गाड्या उतारावर मोटारीलाच उलटं कामाला लावून वीज परत मिळवतात. बोरघाटातल्या विजेच्या मालगाडी-इंजिनांनी हीच युक्ती १९२९ पासून केली होती. या गाड्यांचा ब्रेक कमी वापरला जातो, म्हणून त्याच्या तबकडीवर गंज धरतो आणि तो खरखरतो. म्हणजे यंत्र बदललं तरी ऐकणं सुटलेलं नाही.

मामूंना शेवटच्या वर्षांत दम लागायचा. चार पावलं चालले की लिंबाच्या बुंध्याला टेकायचे. सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करत होता?" तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. २०११ साली मामू गेले. विडी होती, रस्त्याचा धूर होता, वय होतं. एकट्या लायनरवर मी आळ घेणार नाही. पण सगळ्या गाड्यांचा आवाज ओळखणाऱ्या माणसाच्या छातीतली घरघर आम्ही घरच्यांनी पाच-सहा वर्षं 'साधा खोकला' म्हणून ऐकली, हे मला विसरता येत नाही. त्यांनी मला विचारायला शिकवलेले चार प्रश्न मी त्यांनाच विचारले नाहीत.

अ‍ॅस्बेस्टॉसवर इंग्लंडनं १९९९ मध्ये बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच या धंद्यातल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल मालकांना आणि सरकारला जबाबदारी घालून दिली. आता अ‍ॅस्बेस्टॉसशिवायचे लायनर आणि पॅड सर्रास मिळतात. पण आपल्याकडं सरसकट बंदी अजून नाही आणि कुठल्या जुन्या ड्रममध्ये काय आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून गॅरेजात काम करणाऱ्या पोरांना माझं हात जोडून सांगणं आहे: ड्रम उघडला की फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला चांगला मास्क बांधा. आणि गाडीमालकांनीही लायनर घेताना एक प्रश्न विचारावा, यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का? चार पैसे वाचवताना दुसऱ्याचा श्वास जाऊ नये.

मामूंचं शेड आता नातू चालवतो. पत्रा बदलला, लिंब तोच आहे. त्याच्याकडं गाडीला जोडायचं मशीन आहे, त्यावर बिघाडाचे आकडे उमटतात. परवा मी सहज गेलो होतो. एकानं गाडी आणली, म्हणाला, "ब्रेक थरथरतोय." पोरानं मशीन जोडलं नाही, जॅकही लावला नाही. आधी विचारलं, "काका, हाताला थरथरतंय की सीटला?" मग गाडीत बसला आणि काचा खाली केल्या. निघताना त्यानं पहिलं काम केलं ते गाडीतला रेडिओ बंद करण्याचं.

रेडिओवरूनच हे सांगावं लागतंय याचं मला हसू येतं. पण उद्या घाट उतरताना चाक काही म्हणायला लागलं, तर माझ्यासारख्याचं भाषण खुशाल बंद करा आणि आधी त्याचं ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)